राळेचं मलम, माझ्या हातचं

आमच्या लेआउटमध्ये आमचं घर शोधायचं असेल तर ‘मलमवाल्या बाईंचं घर’ असं विचारावं लागतं. माझं नाव सांगून कोणी पोचल्याचं मला तरी आठवत नाही. एकदा कुरिअरवाला माझ्या नावाचं पाकीट घेऊन तीन गल्ल्या फिरला आणि शेवटी कोणीतरी त्याला, “अरे, वो मलमवाली अम्मा का लडका होगा,” म्हणून दारात आणून सोडलं. वयाची पन्नाशी आली, हिंगण्याच्या कंपनीत माझ्या हाताखाली माणसं काम करतात, आणि मी अजून मलमवाल्या अम्माचा लडका.

हे मलम म्हणजे राळेचं मलम. वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. त्या कामात भाजणं, चटके, खरचटणं रोजचंच. वेल्डिंगची ठिणगी उडायची, वाफेच्या पाइपला कोपर लागायचं. दवाखाना होता, तिथे ट्यूबही मिळायची. तरी पाळी सुटली की माणसं सायकल आमच्या फाटकाला टेकवायची आणि रिकामी डबी पुढे करायची. आई डबीत बोटभर मलम भरायची, जखम बघायची आणि “पाणी नको लावजो गा,” एवढंच सांगायची.

ते मलम करताना बघायला मला फार आवडायचं. राळ कुटून वस्त्रगाळ करायची. तिळाच्या तेलात मंद आचेवर ती विरघळू द्यायची. मग ते गरम तेल परातीतल्या थंड पाण्यात ओतायचं आणि तळहाताने फेटत राहायचं. पाणी गढूळ झालं की फेकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेटायचं. तपकिरी चिकट गोळा हळूहळू पांढरा होत जातो आणि शेवटी लोण्यासारखा हलका होतो. चमच्याने किंवा रवीने ते जमत नाही, तळहातच लागतो. मी शाळेतून आलो की आई मला परातीपुढे बसवायची, कारण माझे हात थंड असतात आणि थंड हाताला मलम लवकर फुलतं असं तिचं म्हणणं. लग्नानंतर बायकोने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, “हात थंड, मग सगळी गरमी डोक्यात गेली म्हणायची.” आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

आम्ही दीक्षा घेतलेल्या घरातले. आजोबांनी घरातले देव एकदाचे विसर्जित केले, ते पुन्हा आले नाहीत. उपास, नवस, अंगारे-धुपारे यांना आमच्याकडे थारा नव्हता. घरासमोर कोणी लिंबू-मिरची बांधली तरी वडील ती काढून भाजीत घालायला सांगायचे. पण एवढ्या सगळ्या झाडझुडीत एक गोष्ट कोपऱ्यात राहून गेली होती, ती म्हणजे हातगुण. कोणाच्या हाताला गुण असतो, कोणाच्या नसतो, यावर आईचा पक्का विश्वास. वडील यावर काही बोलायचे नाहीत. त्यांच्या स्वतःच्या मनगटावरची भाजलेली जखम तिच्याच हातच्या मलमाने भरून आली होती, त्यामुळे बिचाऱ्यांचं तोंड बंद.

आणि या हातगुणाचा एक नियम होता. मलम करणाऱ्याने आपल्या हातचं मलम आपल्याला लावायचं नाही. लावलं तर गुण येत नाहीच, वर हातातला गुणही जातो. हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं. विळीने बोट कापलं तर आई चिंधी बांधून गप्प बसायची आणि कपाटात मलमाची बरणी भरलेली असायची. मी तिला यावरून पुष्कळदा चिडवलं आहे. हलवायाने आपल्या दुकानातला पेढा खाऊ नये असा कायदा कोणी केला, असं विचारायचो. ती म्हणायची, “तुले नाही समजत, त चूप राह्य.”

हाताला एकदा नाव लागलं की काय होतं तेही आम्ही कॉलनीत पाहिलं होतं. तिथे एक कंपाउंडर होता, भला माणूस. त्याने टोचलेल्या एका इंजेक्शनची गाठ पिकली आणि ‘याचा हात जड आहे’ असा बोभाटा झाला. मग लोक त्याच्याकडून सुई घेईनात. पुढे पुढे तर कोणाच्या घरी बाळ झालं तर ते त्याच्या हातात देईनात. तो माणूस समारंभात हात मागे बांधून उभा राहायचा. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

गेल्या उन्हाळ्यात आईने गच्चीवर कुरड्या घातल्या. तिला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती आणि गच्चीवर चढू नकोस असं मी ओरडून सांगितलं होतं. माझं ओरडणं घरात पंख्याच्या आवाजासारखं आहे, सगळ्यांना त्याची सवय झालेली आहे. वाळवणाजवळ चप्पल न्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. खायच्या वस्तूजवळ पायातलं कसं न्यायचं? म्हणून ती मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी, अनवाणी पायांनी तापलेल्या स्लॅबवर कुरड्या उलटवत फिरली. दुसऱ्या कोणाला दोन पावलं टाकता आली नसती. तिला काहीच कळलं नाही. साखरेने तिच्या तळपायातली जाणीव केव्हाच नेली होती आणि आम्हाला कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी बायकोला स्वयंपाकघरातल्या फरशीवर ओले डाग दिसले. तिला वाटलं, पाणी सांडलं. पुसत पुसत ती आईच्या खाटेपर्यंत गेली आणि तिथून तिने मला हाक मारली. उजव्या तळपायाचा पुढचा भाग, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, फोड येऊन फुटला होता. कातडी लोंबत होती. आई खाटेवर बसून लसूण सोलत होती.

“अगं, पाय बघ तुझा!” मी ओरडलो.

“काहून ओरडून राहिला गा? दुखूनच नाही राहिलं मले.”

हे तिने मला धीर द्यायला सांगितलं. मलाही तेव्हा धीर आला. न दुखणारी जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा वाईट असते, हे मला दुसऱ्या दिवशी धंतोलीत डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी पायाला ठिकठिकाणी टाचणी टोचून पाहिली. आई त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इन्सुलिन सुरू केलं, जखमेवर लावायची ट्यूब लिहून दिली, रोज ड्रेसिंग करायला आणि पाय खाली न टेकायला सांगितलं. माझी आई आणि पाय न टेकणं! सकाळी मी कंपनीत निघालो की ती टाचेवर चालत मोगऱ्याच्या आळ्यापर्यंत जायची, हे बायकोने मला उशिरा सांगितलं. तीही काय करणार? सासूला खाटेला बांधून ठेवता येत नाही.

ट्यूब मी रोज लावत होतो. कंपनीतून आलो की हात धुवायचे, सलाइनच्या पाण्याने जखम धुवायची, ट्यूबमधलं पांढरं औषध पसरायचं, वर जाळी, वर पट्टी. सुरुवातीला कडेने गुलाबी रंग दिसला तेव्हा आम्हाला वाटलं, जमलं. मग अंगठ्याच्या खाली पू धरला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी चिमट्याने आत पाहिलं आणि हातमोजे काढले. नंतर म्हणाले, भरती करा, आतलं खराब झालेलं काढावं लागेल, पायात रक्त कसं वाहतंय तेही बघावं लागेल. आता वरून काहीही लावून भागणार नाही.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “कापतील ते.”

“कापत नाहीत गं, साफ करतात.”

“आज साफ करतील, मंग बोट घेतील, मंग पाय घेतील. मले नको सांगू. कॉलनीतले पाह्यले मी.”

घरी येऊन तिने तिचं सांगितलं. आधी राळेचं मलम लावून बघायचं. तिने इतक्या लोकांच्या जखमा भरून आणल्या, तिचीही भरेल. फक्त ते तिच्या हातचं चालणार नाही. ते मी करायचं.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. डॉक्टर मूर्ख आहेत का, असं विचारलं. वडील असते तर काय म्हणाले असते, असंही विचारलं. बायकोने मला बाहेरच्या खोलीत नेलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. बायको म्हणाली, मी करते मलम, मी शिकून घेते. आई नाही म्हणाली. “तुयानं नाही होणार वं. यालेच येते. लहानपणापासून माह्याजवळ बसून फेटलं त्यानं. आन् हात थंडा हाय त्याचा.”

मी जबरदस्ती करू शकलो असतो का? हा प्रश्न मला लोकांनी पुष्कळदा विचारला आहे, आणि विचारणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या आईला रिक्षात कोंबून पाहिलेलं नाही. मी तिच्यापुढे बसलो, रागावलो, गयावया केली. शेवटी आमच्यात सौदा झाला. मी मलम करायचं. तिने गोळ्या, इन्सुलिन न चुकता घ्यायचं, पाय टेकायचा नाही, आणि रविवारपर्यंत पू थांबला नाही तर मुकाट्याने भरती व्हायचं. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, तेलकट काही लावून जखम बंद करू नका, आत पू कोंडतो, आणि एक एक दिवस महाग पडतोय. मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “पातळ लावू.”

इतवारीतून राळ आणली. दुकानदाराने विचारलं, “अम्मा खुद नहीं आयी?” मी पैसे पुढे केले. घरी कुटली, गाळली, तेलात विरघळवली. आई खाटेवरून बघत होती, आच कमी कर, आता उतरव, असं सांगत होती. परात पुढे घेऊन मी जमिनीवर बसलो आणि फेटायला लागलो.

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगतो. माझा हातगुणावर काडीचा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या परातीत माझा तळहात फिरत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, येऊ दे गुण, एवढ्या वेळेला येऊ दे. कोणाला म्हणत होतो ते मला माहीत नाही. आमच्या घरात म्हणायला कोणी ठेवलेलंच नव्हतं. मलम मात्र सुरेख फुललं. पांढरंशुभ्र. आईने बोटावर घेऊन चोळून पाहिलं आणि म्हणाली, “माह्यापेक्षा चांगलं झालं, पाह्य.” मला त्या बोलण्याचा आनंद झाला, आणि तेवढाच संतापही आला.

मी आधी जखमेत डॉक्टरांची ट्यूब लावायचो आणि कडेकडेने राळेचं मलम फिरवायचो. डॉक्टरांचंही राहावं आणि आईचंही, अशी माझी अक्कल. आईचं बारीक लक्ष असे. “तिथं नाही लागलं. आत लाव ना गा.” मी आत लावल्यासारखं करायचो. ती माझ्या बोटांकडे बघत राहायची. दोन दिवस जखम कोरडी वाटली. आईने शेजारी निरोप धाडला की पोराच्या हाताला गुण आहे. शनिवारी सकाळी बायकोने खोलीत पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला. वास येत होता. अंगठा काळा पडला होता आणि आईचं अंग तापाने फणफणलं होतं.

रविवारची वाट पाहिली नाही. तिनेही नाही म्हटलं नाही. म्हणायची ताकदच उरली नव्हती. दवाखान्यात सगळं भराभर झालं. तपासण्या झाल्या, मग एक तरुण सर्जन बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की विष वर चढतंय, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर आजींची खात्री देता येणार नाही. मला सही करायला सांगितली. मी उभ्याउभ्याच केली, त्यांनी कागद खालून धरला.

मी त्यांना विचारलं, “आठ दिवस आधी आलो असतो तर?”

ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, पायाची मुख्य नसच बंद होत आली होती, बोटं तर तेव्हाही गेलीच असती. पाऊल वाचलं असतं की नाही, सांगता येत नाही. मलमाने बिघडलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मलमाने काही बिघडलंही नसेल आणि सुधारणारही नव्हतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता हे नका विचारत बसू.”

मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. लोक माझ्या बाजूने चढत-उतरत होते आणि कोणी थांबलं नाही, ते बरंच झालं. मी मशिनी दुरुस्त करणारा माणूस. काय बिघडलं ते कळलं की दुरुस्त करायचं, एवढं मला येतं. इथे काय बिघडलं ते सगळ्यांना कळलेलं होतं आणि तरी मला काही करता आलं नव्हतं. डॉक्टरांचं पुरतं ऐकलं नाही, आईचंही पुरतं ऐकलं नाही.

शुद्धीवर आल्यावर आईने पांघरुणावरून हात फिरवला. जिथे पांघरूण सपाट झालं होतं तिथे तिचा हात थांबला. मग तिने विचारलं, “जेवला का तू?”

घरी आणल्यावर भेटायला माणसं यायला लागली. लेआउटमधले, कॉलनीतले जुने, वडिलांबरोबर काम केलेले. जयभीम करायचे, खुर्ची ओढून बसायचे, साखरेच्या आजाराला शिव्या द्यायचे. तिच्या मलमाने कोणाचं काय भरून आलं ते आठवून आठवून सांगायचे. आणि मग, अगदी जायच्या वेळी, आवाज खाली घेऊन विचारायचे ते मला ऐकू यायचं नाही, पण काय विचारताहेत ते मला ठाऊक होतं. पोराच्या हाताला गुण आहे, हा निरोप आईनेच धाडला होता ना. माझ्याकडे बघताना लोकांची नजर आधी माझ्या हातांवर जायची. किंवा मला तसं वाटायचं. मी घरात असलो की चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागलो.

एका संध्याकाळी शेजारच्या काकू कॉलनीतल्या आणखी दोघींना घेऊन आल्या. त्या काकूंना कुजबुजता येत नाही, त्यांचा आवाजच मोठा. मी आत चहा गाळत होतो.

“वहिनी, एक विचारू का? रागावू नका. आम्ही ऐकलं का मलम तुमच्या पोरानं केलं होतं म्हणून. त्याच्या हातचं लागलं नाही का मंग?”

बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने गॅस बंद केला.

“कोणी सांगितलं?” आईचा आवाज आला. “त्यानं कुठी केलं? मीनंच केलं, मीनंच लावलं.”

“अवो, पण तुम्हीच तर निरोप…”

“खोटं सांगतलं होतं मी. स्वतःचं स्वतःले लावू नाही म्हणतेत, लोकं हसतील, म्हणून त्याचं नाव घेतलं.”

“असं काहून केलं बाप्पा! तुम्हाले त माहीत होतं.”

“माहीत होतं. पण जीव भेला ना वं. सासूनं सांगितलं होतं ते मोडलं मी. त भोगून राहिली.”

कोणीतरी चुकचुकलं. कोणीतरी म्हणालं, आता तुमच्या हातचं मलम कसं घ्यायचं. आई म्हणाली, “नकाच घेऊ. गेला तो गुण आता.”

माझ्याने राहवेना. चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आलो. खरं काय ते सांगून टाकायचं आणि हातगुण-बितगुण सगळं खोटं आहे, पायाची नस बंद पडली होती, हेही ओरडून सांगायचं, असं ठरवूनच आलो होतो. काकू आणि त्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आईने हात लांब करून माझं मनगट पकडलं. तिच्या हातात अजून इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

“याले विचारा,” ती त्यांना म्हणाली. “याले त राळ कशी कुटतात तेही नाही येत. येते का गा तुले?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मनगट सोडत नव्हती.

“नाही येत,” मी म्हणालो.